स्वाहिली भाषा आणि तिच्या म्हणी

पणजीच्या पुराभिलेखागारात जुन्या पोर्तुगीज दप्तरांबरोबर काही पत्रे जपून ठेवलेली आहेत. त्यांची लिपी अरबी आहे. परंतु अरबी जाणणारा मनुष्य ती वाचू लागला, तर अक्षरे जुळतात आणि अर्थ मात्र लागत नाही. कारण भाषा अरबी नव्हे, स्वाहिली आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील किल्वा या बंदरातून १७११ साली व पुढच्या काही वर्षांत ही पत्रे मोझांबिकमधील पोर्तुगीजांना व त्यांच्या मित्रांना लिहिली गेली. त्या काळी मोझांबिकचा कारभार गोव्याहून चालत असे. १७५२ मध्ये तो वेगळा झाला. त्यामुळे हे कागद समुद्र ओलांडून इकडे आले आणि इकडेच राहिले. स्वाहिलीतील आज ज्ञात असलेले सर्वांत जुने लेखन ते हेच. एवढ्या मोठ्या आफ्रिकी भाषेचा पहिला लेखी पुरावा मांडवीच्या काठी आहे, ही गोष्ट गोव्यातही फार थोड्यांना ठाऊक असेल.

'स्वाहिली' हे नाव अरबीतून आले. 'सवाहिल' म्हणजे किनारे, आणि किनाऱ्यावरच्या लोकांची भाषा ती स्वाहिली. तिचा सांगाडा मात्र अस्सल आफ्रिकी, बांटू कुळातला आहे. आफ्रिकेत दीड-दोन हजार भाषा बोलल्या जातात, त्यांतील ही एक. तरी तिच्याइतकी दूरवर पसरलेली भाषा त्या खंडात विरळा. टांझानियाची ती राष्ट्रभाषा आहे. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने तिला राजभाषेचे स्थान दिले. युगांडा, रुआंडा, बुरुंडी आणि काँगोचा पूर्व भाग येथेही बाजारहाट तिच्यातून चालतो. युनेस्कोच्या अंदाजाप्रमाणे ती बोलणारे २० कोटींहून अधिक आहेत, आणि त्याच संस्थेने २०२१ साली ठराव करून ७ जुलै हा जागतिक स्वाहिली दिन ठरविला.

मराठी माणसाला या भाषेचे पहिले दर्शन मोठे सुखाचे होते. पुस्तकाला 'किटाबू', लेखणीला 'कलामू', जगाला 'दुनिया', हिशेबाला 'हेसाबू', साबणाला 'सबूनी', बातमीला 'हबारी'. सरकारला 'सेरिकाली' म्हणतात. 'साहीही' या शब्दाचा अर्थ बरोबर असाही होतो आणि स्वाक्षरी असाही होतो, म्हणजे आपल्या 'सही'चाच तो सख्खा भाऊ. हे झाले अरबी-फारसीचे देणे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून गलबते घेऊन गेलेल्या व्यापाऱ्यांनीही पुष्कळ शब्द तेथे पोचविले: गाडीला 'गारी', विम्याला 'बीमा', पैशाला 'पेसा', लाखाला 'लाकी', गोणीला 'गुनिया', धोब्याला 'डोबी', आणि ताटात कचुंबराऐवजी 'कचुम्बारी'. पोर्तुगीजांनी गोव्याला जे शब्द दिले त्यांतले काही त्यांनी मोंबासालाही दिले. पपईला तेथे 'पपाई', अननसाला 'ननासी', पेरूला 'पेरा' आणि पाद्र्याला 'पाड्री' म्हणतात. एक शब्द मात्र वाट चुकला. तुरुंगाला स्वाहिलीत 'गेरेझा' म्हणतात, आणि तो पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून, म्हणजे गोव्याच्या 'इगर्जी'वरून आला असे भाषापंडित मानतात. मोंबासाचा फोर्ट जीझस हा किल्ला १५९३ पासून बांधला गेला. त्याचा आराखडा काढणारा इटालियन स्थापत्यकार कैराती हा गोव्यात पोर्तुगीजांच्या पदरी होता. किल्ल्यात प्रार्थनामंदिर होते आणि कैदीही किल्ल्यातच कोंडले जात. तेव्हा लोकांच्या तोंडी मंदिराचे नाव किल्ल्याला आणि किल्ल्याचे कोठडीला लागले असल्यास नवल नाही.

एवढी ओळख निघाल्यावर शिकणाऱ्याला वाटते की भाषा निम्मी आलीच. "अकीली नी माली" ही म्हण ऐकली की तो खूषच होतो. अकीली म्हणजे अक्कल, माली म्हणजे माल अर्थात संपत्ती, आणि मधला 'नी' म्हणजे 'आहे'. अक्कल हीच संपत्ती. म्हण ऐकली आणि तेथेच कळली! परंतु हे सुख पहिल्या आठवड्याचे. उसने शब्द म्हणजे घराच्या भिंतींना दिलेला रंग होय. घर बांटू आहे, आणि त्याची तुळई-खांब वेगळ्याच पद्धतीने बसविलेले आहेत.

मराठीत नामांना तीन लिंगे आहेत. स्वाहिलीत लिंग नाही. 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द. परदेशी माणसाला मराठी शिकताना 'ती खुर्ची, तो पंखा, ते टेबल' यांचा जो जाच होतो तो येथे नाही. त्याच्या जागी नामांचे वर्ग आहेत. एकवचन-अनेकवचन वेगळे धरले तर असे सुमारे पंधरा वर्ग भरतात. वर्गाची खूण शब्दाच्या शेवटी नसून आरंभी असते. म्टू म्हणजे माणूस, वाटू म्हणजे माणसे. म्टोटो म्हणजे मूल, वाटोटो म्हणजे मुले. हा माणसांचा वर्ग. वस्तूंच्या एका मोठ्या वर्गाला एकवचनी 'कि' आणि अनेकवचनी 'वि' लागतो. या नियमाने बाहेरून आलेल्या पाहुण्यांनाही सोडले नाही. अरबीतील 'किताब' मधली 'कि' हा मूळ शब्दाचाच भाग; परंतु स्वाहिली कानाला ती आपल्या वर्गाची खूण वाटली, आणि अनेक पुस्तके झाली 'विटाबू'! परका शब्द आपल्या पंक्तीला कसा बसवून घ्यावा, याचा याहून गमतीचा दाखला सापडणे कठीण.

ही वर्गाची खूण केवळ नामावर थांबत नाही. विशेषण, संख्या, क्रियापद या सर्वांवर तीच खूण उमटते. व्याकरणाच्या पुस्तकातील कोष्टकांनी हे पाठ होते, पण कानात बसत नाही. कानात बसविण्याचे काम म्हणी करतात. "किडोले किमोजा हाकिवुन्जी चावा." एक बोट ऊ चिरडीत नाही. किडोले म्हणजे बोट. किमोजा म्हणजे एक, पण बोटाच्या वर्गातले एक. आणि 'हाकिवुन्जी' या एका शब्दात एक संपूर्ण वाक्य घडी घालून ठेवलेले आहे: 'हा' म्हणजे नाही, 'कि' म्हणजे ते बोट, 'वुन्ज' म्हणजे मोडणे, आणि शेवटची 'ई' पुन्हा नकाराचीच खूण. एका लहानशा म्हणीत ती 'कि' तीनदा वाजते. आता बोट सोडून हात घ्या. "म्कोनो म्मोजा हाउलेई म्वाना", एक हात मूल वाढवीत नाही. हात दुसऱ्या वर्गातला असल्यामुळे 'कि' गेली, आणि एकाला 'म्मोजा' व क्रियापदात 'उ' आली. या दोन म्हणी शेजारी ठेवून दहा वेळा मोठ्याने म्हटल्या की कोष्टकाची दोन पाने आपोआप पाठ होतात.

क्रियापदाचे आणखी एक रूप म्हणींतूनच उत्तम समजते. "हाबा ना हाबा हुजाझा किबाबा." थोडे आणि थोडे मिळून माप भरते. किबाबा हे धान्य मोजण्याचे जुने माप. यातील 'हुजाझा' मधला 'हु' विलक्षण आहे. एरवी स्वाहिलीत कर्त्याची खूण लावल्यावाचून क्रियापद पुढे पाऊल टाकीत नाही. 'हु' लागला की मात्र कर्त्याची खूण गळून पडते. मी, तू, तो, माणूस, बोट, झाड, सर्वांना एकच रूप. काळही ठराविक राहत नाही. आज भरते, काल भरत होते, उद्या भरेल. असे नेहमीच घडते, एवढेच 'हु' सांगतो. शेकडो म्हणी या रूपात आहेत. जे कोणा एकाला उद्देशून नाही आणि जे सदैव खरे आहे, ते बोलण्यासाठी या भाषेने क्रियापदाला एक वेगळे आसनच करून ठेवले आहे.

येथवर म्हणींनी व्याकरण शिकविले. अर्थ शिकविण्याची वेळ आली की त्या अधिक कठोर गुरू होतात.

'हाबा ना हाबा' ऐकताच मराठी माणूस 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणणार, आणि ते बरोबरच आहे. "फहाली ववीली हवाकाई झीझी मोजा", दोन वळू एका गोठ्यात राहत नाहीत. आपण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे म्हणतो. गुराख्याने वळू पाहिले, शिलेदाराने तलवारी पाहिल्या, गोष्ट एकच. पण ही सवय लागली की फसगत ठरलेली. एका बोटाने ऊ मरत नाही, तेव्हा 'एका हाताने टाळी वाजत नाही' हे तिचे मराठी रूप, असे शिकणारा वहीत लिहून ठेवतो. दोन्हींत एक अवयव, दोन्हींत नकार. तथापि आपल्याकडे ही म्हण कोठे वापरतात? भांडण झाले म्हणजे. दोष दोघांचाही आहे असे सुचवायचे असते तेव्हा. बोटाची म्हण भांडणाची नाही. ती शेजाऱ्याला हाक मारताना, घर शाकारताना, वर्गणी गोळा करताना निघते. म्हणजे शब्दांचे चित्र जवळजवळ सारखे, आणि एक म्हण जेथे आरोप करते तेथे दुसरी मदत मागते.

मुलांविषयीच्या म्हणीही अशाच तपासून पाहाव्यात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. स्वाहिली म्हण सांगते, "म्टोटो उम्लेआव्यो न्डिव्यो अकुआव्यो", मूल जसे वाढवावे तसे वाढते. एकीचा भर उपजत गुणावर आहे, दुसरीचा संगोपनावर. आणि "समाकी म्कुन्जे अंगाली म्बिची", मासा ओला आहे तोवर वाकवून घे. सुक्या मासळीचा धंदा पाहिलेल्या कोकण-गोव्यातील माणसाला या म्हणीची फोड करून सांगावी लागणार नाही.

म्हणींत एका समाजाचे शहाणपण साठलेले असते, असे वारंवार म्हटले जाते. ते खरे मानले तर पुढील प्रश्नाला उत्तर द्यावे लागेल. "हराका हराका हाइना बराका" ही स्वाहिलीतील कदाचित सर्वांत प्रसिद्ध म्हण. घाईत बरकत नाही. ती ऐकून बाहेरचा मनुष्य लागलीच अनुमान काढतो की हे लोक सावकाश चालणारे, वेळेची पर्वा नसलेले आहेत. परंतु त्याच भाषेत, त्याच लोकांच्या तोंडी दुसरी म्हण आहे: "न्गोजा न्गोजा हुउमिझा मटुम्बो", थांबून थांबून पोट दुखते. तिसरी आणखी तिखट आहे: उशीर करशील तर मूल तुझे नव्हे असे आढळेल. मग हे लोक सावकाश की उतावळे? बाजारातही तेच. "चेमा चाजिउझा, किबाया चाजिटेम्बेझा", चांगला माल आपण होऊन विकला जातो, वाईट माल दारोदार हिंडतो. आणि त्याच बाजारात दुसरा दुकानदार म्हणतो, "बिआशारा नी मटंगाझो", धंदा म्हणजे जाहिरात.

यातून निघणारा निष्कर्ष एकच. शहाणपण म्हणीत साठलेले नसते. ते म्हण निवडणाऱ्याच्या ठायी असते. म्हण ही वैद्याच्या कपाटातील बाटली होय. कपाटात रेचकही असते आणि स्तंभकही असते, आणि त्यावरून कोणी वैद्याला परस्परविरोधी ठरवीत नाही. रोग्याची नाडी पाहून कोणती बाटली काढली, यावर त्याची पारख होते. निव्वळ बाटल्यांची यादी करून वैद्यक येत नाही, आणि निव्वळ म्हणींची यादी वाचून एखाद्या समाजाचे मन कळत नाही.

ही चूक मोठमोठ्यांच्या हातून झालेली आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने बोलणे प्राप्त आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपीय मिशनरी आफ्रिकेत गेले आणि त्यांनी भाषा शिकून म्हणी टिपल्या. त्यांचे कष्ट लहान नव्हते. योहान लुडविग क्राप्फ हे जर्मन मिशनरी १८४४ साली मोंबासाला पोचले. काही महिन्यांतच त्यांची पत्नी आणि नवजात कन्या तापाने दगावल्या. तरीही ते भाषा शिकत राहिले. १८५० मध्ये त्यांनी स्वाहिलीचे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि त्यांचा कोश त्यांच्या मृत्यूनंतर १८८२ मध्ये बाहेर पडला. पश्चिम आफ्रिकेत क्रिस्टालर यांनी १८७९ साली त्वी भाषेतील ३६०० म्हणींचा संग्रह छापला. मोंबासाचे विल्यम टेलर यांचा स्वाहिली म्हणींचा संग्रह १८९१ चा. योगायोग असा की ज्या चर्च मिशनरी सोसायटीने टेलर यांना पाठविले, तिचेच मॅनवेअरिंग इकडे मराठी म्हणी गोळा करीत होते; त्यांचे पुस्तक १८९९ साली ऑक्सफर्डला छापले गेले. ज्याने ते चाळले असेल त्याला आपलीच भाषा परक्याच्या आरशात कशी दिसते याचा अनुभव आला असेल. म्हणी आपल्याच असतात, पण त्या म्हणणारी आजी, आत्या, तालुक्याच्या कचेरीतला कारकून, यांपैकी कोणीही पानावर दिसत नाही.

अशा संग्रहांवरून पुढे 'आफ्रिकी मन' या विषयावर व्याख्याने झाली. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण ती ज्याने भात शिजविला आहे त्याने करावी. खुद्द टेलर मात्र या बाबतीत बरेच सावध होते. मोंबासातील जुने काव्य त्यांनी म्वालिमू सिकुजुआ या स्थानिक पंडितांकडून समजावून घेतले. 'म्वालिमू' म्हणजे शिक्षक, आपला मुअल्लिम. संग्रहांच्या मुखपृष्ठांवर अशा गुरूंची नावे सहसा नसतात.

म्हण कोणी कोणाला म्हणावी, हा स्वाहिली समाजात शिष्टाचाराचा प्रश्न आहे. तेथे धाकट्याने वडीलधाऱ्याला भेटताच 'शिकामोओ' म्हणावयाचे असते. या शब्दाचा मूळ अर्थ 'पाय धरतो' असा सांगतात. त्यावर वडील 'मराहाबा' असे उत्तर देतात. जेथे साध्या भेटीतही वयाची पायरी पाळली जाते, तेथे उपदेशाची म्हण वरून खाली जाते, खालून वर जात नाही. "असियेफुन्झ्वा ना मामाये हुफुन्झ्वा ना उलिम्वेंगू", ज्याला आईने शिकविले नाही त्याला जग शिकविते. ही म्हण वर्गातल्या फळ्यावर शोभते. परंतु नव्याने भाषा शिकलेल्या परदेशी माणसाने ती एखाद्या समवयस्काला गमतीने ऐकविली, तर त्याने प्रत्यक्षात त्याच्या आईचा उद्धार केलेला असतो. उच्चार निर्दोष, व्याकरण निर्दोष, आणि मैत्री मात्र संपली! म्हणून म्हणी लिहून घेणाऱ्याने वहीत अर्थाशेजारी आणखी एक रकाना ठेवावा: ही म्हण कोणाच्या तोंडून ऐकली, आणि ती ऐकून समोरचा हसला की गप्प झाला.

वडिलांना काही सुचवायचेच असेल तर धाकटा म्हणीचा पहिला अर्धा भाग उच्चारून थांबतो. "हाबा ना हाबा..." एवढेच. उरलेले वडील मनात पुरे करतात, किंवा मोठ्याने म्हणून टाकतात, आणि मग उपदेश त्यांचाच ठरतो. पुष्कळ स्वाहिली म्हणींचे दोन तोललेले भाग असतात ते यासाठीही उपयोगी पडते. केनिया-टांझानियाच्या शाळांतील मुलांना परीक्षेत म्हणी पूर्ण करावयास देतात, आणि त्या प्रश्नाचा मराठी शाळेतील मुलांनाही परिचय आहे. फरक इतकाच की तेथील मूल शाळेबाहेरही त्याच प्रश्नाला रोज तोंड देत असते.

बायकांनी या कामासाठी तोंडाचाही उपयोग न करता बोलण्याची युक्ती काढली आहे. तिचे नाव खांगा. हे सुती छापील वस्त्र पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर घरोघरी दिसते. ते जोडीने विकतात आणि जोडीला 'डोटी' म्हणतात. हा शब्द आपल्या 'धोती'वरूनच गेला. केनियात खांग्याला 'लेसो'ही म्हणतात, तो पोर्तुगीज 'लेन्सु', म्हणजे हातरुमाल. वस्त्राला चारी बाजूंनी काठ असतो, मध्ये नक्षी असते, आणि खालच्या काठाजवळ एक ओळ छापलेली असते. त्या ओळीला 'जीना' म्हणजे नाव म्हणतात. गेल्या शतकाच्या आरंभापासून ही प्रथा रूढ झाली. आधी ओळी अरबी लिपीत असत, नंतर रोमन लिपीत आल्या. यांतील कितीतरी खांगा भारतातील गिरण्यांतही छापल्या गेल्या आहेत. छापणाऱ्या कामगाराला मात्र आपण कोणाच्या भांडणात शाई घालतो आहोत याची कल्पना नसणार!

कारण ती ओळ बहुधा म्हण असते, आणि ती निवडून घेतलेली असते. "वेमा हाउओझी", चांगुलपण नासत नाही: हा खांगा आईला भेट द्यावा. "हासिडी हाना सबाबू", मत्सरी माणसाला सबब लागत नाही: हा नेसून एखादी स्त्री शेजारणीच्या दारावरून पाण्याला गेली की आळीत सर्वांना कळते की काय झाले. तिने शब्दही काढलेला नसतो. शेजारीण जाब विचारायला आली तर उत्तर तयार असते, "मला रंग आवडला म्हणून घेतला." शेजारणीपुढे मग एकच मार्ग उरतो, दुकानात जाऊन उत्तराचा खांगा शोधणे. नवरा-बायको, सासू-सून, सवती यांच्यातील किती बोलणी या काठावरून होत असतील! आपल्याकडे 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण आहे. तेथे लेकीचीही गरज नाही, दोरीवर वाळत घातलेले वस्त्र पुरते.

म्हणीचा उपयोग राज्यकारभारातही झाला. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्यरेरे हे पेशाने शाळामास्तर, आणि देशाचे सर्वोच्च पद मिळाल्यावरही लोक त्यांना 'म्वालिमू' म्हणत. त्यांची मातृभाषा झनाकी. स्वाहिली त्यांनी मागाहून शिकली, आणि ती इतकी आत्मसात केली की १९६३ मध्ये शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'चे भाषांतर त्यांनी त्या भाषेत प्रसिद्ध केले. १९६२ साली आपल्या समाजवादाची कल्पना मांडताना त्यांनी कोणत्याही जर्मन तत्त्ववेत्त्याऐवजी एक म्हण पुढे केली: "म्गेनी सीकू म्बीली, सीकू या टाटू म्पे जेम्बे." पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याला कुदळ दे. तिसऱ्या दिवशीही मुक्काम करणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढणारी म्हण मराठीतही आहे. पण दोहोंतील अंतर पाहण्यासारखे आहे. आपली म्हण त्याला घालवून देते. स्वाहिली म्हण त्याला घरचाच करून घेते, कारण कुदळ घरच्या माणसाच्याच हाती देतात. न्यरेरे यांनी पुढे असेही म्हटले होते की पाहुणा बहुधा तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता स्वतःच कुदळ मागून घेतो. त्यांच्या सामूहिक शेतीच्या योजनेत १९७० नंतर लाखो शेतकऱ्यांना घरे सोडून नव्या गावांत जावे लागले, पुष्कळांना सक्तीने. तेथे कुदळ मागितली गेली नव्हती, ती हाती दिली गेली होती. म्हण तीच, पण शेजाऱ्याच्या अंगणात ती आदरातिथ्याची मर्यादा सांगत होती, आणि सरकारी भाषणात तीच हुकूम झाली.

शिकणाऱ्याला उपयोगी अशी एक म्हण येथे सांगण्याजोगी आहे. "म्टाका चा म्वुंगूनी शार्टी अइनामे." खाटेखालची वस्तू हवी असेल त्याने वाकलेच पाहिजे. 'शार्टी' म्हणजे आपली शर्त, हे खरे. पण 'इनामा' म्हणजे वाकणे आणि आपले 'नमणे' यांचा मात्र काही संबंध नाही; तो निव्वळ कानाचा भास. ओळखीचा वाटणारा प्रत्येक शब्द नातेवाईक नसतो, हे स्वाहिली शिकताना फार लवकर ध्यानात येते.

म्हणी सगळ्या प्राचीनच असतात, ही समजूतही टाकून द्यावी लागते. "डेबे टूपू हालिआची कुवूमा", रिकामा डबा वाजल्याशिवाय राहत नाही. आपण 'उथळ पाण्याला खळखळाट फार' म्हणतो त्या जागी ही म्हण येते, आणि यातील 'डेबे' हा आपला 'डबा' आहे असे कोशकार सांगतात. चार गॅलनांचा चौकोनी पत्र्याचा डबा रॉकेल घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्वेकडील बंदरांत आला. रॉकेल संपल्यावर घरोघरी त्यात पाणी भरले जाऊ लागले, धान्य मोजले जाऊ लागले, आणि बाजारात 'एक डेबे मका' हे मापच होऊन बसले. म्हणजे ज्या म्हणीला 'वाहेंगा' अर्थात पूर्वजांचे बोल म्हणून मान दिला जातो, ती या रूपात फार तर दीडशे वर्षांची असेल. शब्द मुंबईकडच्या व्यापाऱ्यांचा, डबा तेलाच्या कंपनीचा, व्याकरण बांटू. आणि दारेसलामच्या बाजारात भाव वाढवून सांगणाऱ्या एखाद्या बडबड्या दुकानदाराला गिऱ्हाईक आजही ती ऐकवून पुढच्या दुकानाकडे वळते.